सावज एक, शिकारी दोन

अंतराळातल्या भाडोत्री मंडळींशी माझी ओळख आमच्या चिरंजिवांनी करून दिली. एरवी माझा आणि अंतराळाचा संबंध भूगोलाच्या पुस्तकातल्या सूर्यमालेच्या चित्रापलीकडे कधी गेलेला नव्हता. कादंबऱ्या लिहितो त्याही ऐतिहासिक. घोडा, तलवार आणि फितुरी एवढ्या भांडवलावर माझे दुकान चाललेले. पण २०२० च्या एप्रिलात सगळा देश दाराला कडी लावून घरात बसला होता, शाळेला कुलूप होते, आणि त्याच महिन्याच्या ३ तारखेपासून 'द मँडलोरियन' ही अमेरिकन मालिका आपल्याकडे घरबसल्या पाहण्याची सोय झाली होती. चिरंजीव तेव्हा नववीत होते. "बाबा, तुमच्या गारद्यांसारखीच माणसं आहेत त्यात," असे आमिष त्यांनी मला दाखवले. मी चष्मा पुसून बसलो. सौ. शेंगा फोडायला घेऊन शेजारी बसल्या.

आधी शब्दांचा घोळ निस्तरतो, कारण तो निस्तरल्याखेरीज मास्तरला पुढे जाववत नाही. भाडोत्री शिपाई वेगळा आणि ही मंडळी वेगळी. भाडोत्री शिपाई महिन्याच्या हिशेबाने तलवार विकतो. लढाई होवो न होवो, महिना भरला की त्याला रोजमुरा मिळाला पाहिजे. आपला इब्राहिमखान गारदी असा होता. आधी निजामाच्या पदरी, मग भाऊसाहेबांच्या. पण १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर तो खाल्ल्या मिठाला जागला आणि पकडला जाऊन मेला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांवर धावून गेलेलेही गारदीच होते, आणि तेही थकलेल्या पगाराचेच निमित्त करून आत शिरले होते. अंतराळातल्या या मंडळींचा व्यवहार मात्र रोजंदारीचा नसतो, उक्त्याचा असतो. मी त्यांना इनामी शिकारी म्हणतो. डोईमागे दर ठरलेला. सावज हजर करा, पैसे मोजून घ्या. नाही सापडले तर इंधन तुमच्या खिशातून. आपल्याकडच्या 'सुपारी'च्या वळचणीला बसणारा हा धंदा आहे, पण सुपारीत माणूस जिवंत परत आणण्याची अट सहसा नसते. उक्त्याच्या कामात आणखी एक गोम असते. एकच काम चौघांना सांगितले तरी मालकाचे काही जात नाही. धावतात चौघे, दाम एकाला.

या धंदेवाल्यांचा नावाजलेला मेळावा १९८० सालच्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या चित्रपटात भरतो. तोही चिरंजिवांनी ओघात दाखवला. काळ्या शिरस्त्राणातला डार्थ व्हेडर एक पळालेले जहाज शोधून आणण्यासाठी सहा जणांना आपल्या जहाजावर बोलावतो. त्यांत बॉस्क नावाचा सरड्याच्या तोंडाचा एक, डेंगार नावाचा डोक्याला फडकी गुंडाळलेला एक, आयजी-८८ हा काटकुळा यंत्रमानव, फोर-लॉम आणि झकस हे दोन किडेतोंडे, आणि चेहरा कधीच न दाखवणारा बोबा फेट. साम्राज्याचा एक अधिकारी या लोकांना बघून नाक मुरडतो. असली घाण आपल्याला कशाला हवी, असे तो शेजाऱ्याला म्हणतो. व्हेडर सांगतो, इनाम भरपूर देईन, वाटेल तो उपाय करा, पण माणसे जिवंत पाहिजेत. आणि बोबा फेटकडे बोट रोखून बजावतो, की कुणाची राख करायची नाही. म्हणजे याने पूर्वी केलेली असणार!

हा प्रसंग मी तीनदा मागे नेऊन पाहिला. त्या सहा जणांत एकमेकांशी एक अक्षर बोलणे होत नाही. एकमेकांकडे पाहणेसुद्धा नाही. शिक्षणाधिकारी तपासणीला आल्यावर आमच्या शिक्षकखोलीत जशी शांतता पसरते, अगदी तशी. प्रत्येकाला ठाऊक असते, की शेजारचा काय जाणतो ते आपल्याला ठाऊक नाही. पुढे बाजी मारतो तो बोबा फेट. पळालेले जहाज साम्राज्याच्या जहाजाने बाहेर टाकलेल्या केरकचऱ्यात मिसळून निसटते; फेट त्याच कचऱ्यात आधीच दबा धरून बसलेला असतो. शिवाय याचे सावज एक आणि गिऱ्हाईक दोन. व्हेडरचे काम झाल्यावर तोच कैदी जब्बा नावाच्या सावकाराकडे पोचवून तिथलाही हिशेब तो पुरा करायला निघतो. आमच्या पेठेतले व्यापारी इथे मान डोलावतील.

या सहांपैकी आयजी-८८ चे डोके जेट विमानाच्या इंजिनातल्या एका भागाचे आहे, आणि तसलेच भाग १९७७ च्या पहिल्या चित्रपटात दारूच्या गुत्त्यातल्या नळकांड्या म्हणून उभे होते. आणि फोर-लॉम व झकस यांची खेळणी बाजारात आली तेव्हा कारखानदाराने दोघांची नावेच अदलाबदल करून टाकली. उक्त्यावरच्या माणसाला कोण विचारतो! पण पडद्यावर फारसे न बोललेल्या या मंडळींबद्दल लोकांना कुतूहल इतके वाटत राहिले, की १९९६ साली त्यांच्यावर एक स्वतंत्र कथासंग्रह निघाला. पुढे १९९८ आणि १९९९ मध्ये के. डब्ल्यू. जेटर या लेखकाने तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत बोबा फेट शिकाऱ्यांच्या संघात सामील होतो तोच मुळी संघ फोडण्यासाठी. हे कथानक वाचले तेव्हा मला हेवा वाटला. हे पेशवाईत बसवायचे माझ्या आधी सुचायला हवे होते.

खरे म्हणजे या सगळ्यांचे आजोळ अंतराळात नाहीच. बोबा फेटचे काम करणारे नट जेरेमी बुलक यांनी आपली ऐट क्लिंट ईस्टवुडच्या घोड्यावरच्या चित्रपटांतून उचलली होती. १९६५ सालचा 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर' हा त्यांपैकी एक. दोन इनामी शिकारी एकाच टोळीच्या मागावर येतात. आधी एकमेकांच्या बुटांवर बूट घासतात, एकमेकांच्या टोप्या गोळ्यांनी उडवतात, आणि मग पैसे वाटून घ्यायचा करार करतात. शेवटी थोरला गडी आपला वाटा न घेताच घोड्यावर बसून निघून जातो, कारण त्याला पैसे नकोच असतात. बहिणीचा सूड घ्यायचा असतो. असे माणूस निघाले की भागीदाराची पंचाईत होते. त्याच्यावर संशय घेण्यात घालवलेला सगळा वेळ वाया जातो.

आता 'मँडलोरियन'च्या पहिल्याच भागाकडे येतो. लोखंडी चिलखतातला एक शिकारी एका रखरखीत ग्रहावर सावजाच्या मागावर जातो. पाहतो तो दुसरा एक आधीच येऊन बंदूक चालवतो आहे. हा आयजी-११, त्या इंजिनाच्या डोक्याच्या यंत्रमानवाचा भाऊबंद. दोघांना काम दिलेले, दोघांच्या हातात सावजाची दिशा दाखवणारी सारखीच डबी, आणि दोघांनाही वाटत असते की आपण एकटेच आहोत. यंत्रमानव कायद्यावर बोट ठेवतो: जप्तीचा हुकूम मी आधी वाचला, तेव्हा इनाम माझे. चिलखतवाला म्हणतो, अजून तरी तुझे हात रिकामे दिसतात. चारी बाजूंनी गोळ्या येत असतात, म्हणून अर्ध्या-अर्ध्याचा करार होतो. पण यंत्रमानवाची एक अट असते. पैसे वाटू, मात्र कामगिरीचे श्रेय माझ्या नावावर लागले पाहिजे! आणि याचे उत्तर मिळाल्याशिवाय तो पाऊल उचलायला तयार नाही. घरात सगळे हसलो. मी जरा कमी हसलो.

तट फुटतो, माणसे पडतात, दोघे आतल्या खोलीत पोचतात. सावज पन्नास वर्षांचे आहे असे सांगितलेले असते. पाळण्यावरचे पांघरूण बाजूला केले तर आत हिरव्या कानांचे तान्हे मूल. त्या जातीत वय असेच मोजतात म्हणे. यंत्रमानवाला हुकूम आहे ठार करण्याचा. तो बंदूक उचलतो. गोळीचा आवाज होतो आणि कोसळतो तो यंत्रमानव. भागीदारी घटकाभरही टिकलेली नसते.

चिरंजिवांनी टाळी वाजवली. मी उठून पाणी प्यायलो.

इथे मला आमच्या शाळेचे सांगणे भाग आहे. माझी शाळा अनुदानित मराठी शाळा. विद्यार्थ्यांच्या पटावर शिक्षकांची पदे ठरतात. पट घटला की कुणीतरी अतिरिक्त ठरतो आणि त्याला दुसरीकडे धाडतात. म्हणून दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मास्तर लोक चौथी पास झालेली मुले शोधत वाड्यावस्त्यांवर हिंडतो. ओढ्यापलीकडच्या शाळेचे मास्तरही हिंडतात. आणि इंग्रजी शाळेची पिवळी गाडी तर भोंगा वाजवत हिंडते. एका दाखल्यामागे तीन शिकारी. कुणी दप्तर कबूल करतो, कुणी वह्या, कुणी गाडीभाडे. शिक्षकखोलीतल्या फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे त्याने आणलेल्या मुलांचा आकडा लिहिलेला असतो. कामगिरीचे श्रेय!

२०१८ च्या मे महिन्यात मी आणि पलीकडचे एक सर रसवंतीगृहात समोरासमोर आलो. दोघांच्या पिशवीत सारखेच प्रवेश अर्ज. उन्हाने दोघांची तोंडे सारखीच रापलेली. पिवळ्या गाडीने त्या आठवड्यात आम्हां दोघांचीही मुले पळवली होती. त्यामुळे दुसरा पेला मागवताना करार झाला: ओढ्याच्या अलीकडची मुले माझी, पलीकडची त्यांची, एकमेकांच्या हद्दीत जायचे नाही, आणि गाडीवाल्याविरुद्ध दोघांनी मिळून पालकांना समजवायचे. पैसे त्यांनी दिले. आठ दिवस करार उत्तम चालला. दोघे मिळून चार घरी गेलो, मराठी शाळेचे महत्त्व एका सुरात सांगितले.

मग आमच्या बाजूची दोन जुळी भावंडे मामाच्या गावी गेल्याचे कळले आणि माझा आकडा खाली आला. फळ्यावर माझे नाव सर्वांत शेवटी. त्या वर्षी कोण अतिरिक्त ठरणार याची कुजबुज सुरू झाली होती, आणि ती मी आलो की थांबत असे. घराचे हप्ते चालू होते. पलीकडच्या वस्तीवर एक मुलगी चौथी पास झालेली होती. करारान्वये ती त्यांची. त्यांची शाळा तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आमची ओढा ओलांडून चार किलोमीटर. मी पहाटे तिथे गेलो. बाप गोठ्यात होता. मी सायकल कबूल केली. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. सायकल म्हटल्यावर ती आत गेली आणि आईला घेऊन आली. बापाने अर्जावर सही केली.

परत निघताना वस्तीच्या तोंडाशी सर भेटले. मोटारसायकल उभी करून त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिले.

"लवकर निघालात सर," एवढेच ते म्हणाले.

सायकल मी दिली. जुनी होती, पण रंग लावून दिली. जूनमध्ये मुलगी सायकलवर आली. जुलैत ओढ्याला पाणी आले. पाण्यातून सायकल जात नाही, हे मला पहाटे सुचले नव्हते असे नाही. आधी ती आठवड्यातून दोन दिवस चुकू लागली, मग चार, मग येईनाशी झाली. हजेरीपटावर नाव होते. माझे पद राहिले.

एवढे सगळे आठवत मी ती मालिका पुढे पाहिली. तिसऱ्या भागात चिलखतवाला त्या बाळाला गिऱ्हाइकाच्या हवाली करून पैसे घेतो, आणि नंतर चैन पडेना म्हणून त्यांच्याच तावडीतून पळवून आणतो. त्याबरोबर गावातल्या झाडून सगळ्या शिकाऱ्यांच्या डब्या एकदम लुकलुकू लागतात. काल त्याच्या नशिबाचा हेवा करणारे आज त्याच्यावर बंदुका रोखतात. सहावा भाग मला कथानक म्हणून फार आवडला. एका कैद्याला सोडवण्यासाठी पाचसहा भाडोत्री एकत्र येतात, काम होताच चिलखतवाल्याला कोठडीत कोंडून निघू पाहतात. तो सुटतो, एकेकाला गाठतो, पण कैदी कबूल केल्याप्रमाणे मालकाच्या दारी पोचवून चोख पैसे घेतो. फक्त त्याच्या अंगावर ठिकाण कळवणारे यंत्र लपवून ठेवलेले असते. पाठोपाठ सरकारी विमाने येतात. करार अक्षरशः पाळून सूड घेणे ही कला आमच्या पेशवाईतल्या वकिलांना साधली असती.

शेवटी तो पडलेला आयजी-११ पुन्हा येतो. एका म्हाताऱ्याने त्याची मोडतोड गोळा करून, खिळा न् खिळा बसवून त्याला नव्याने उभे केलेले असते. चहा ओतायला शिकवलेले असते. ज्या बाळाला मारायला तो आला होता त्याला सांभाळण्याचे काम आता त्याला दिलेले. चिलखतवाल्याचा त्याच्यावर काडीचा विश्वास नसतो. स्वतःला उडवून देण्याची सोय त्या यंत्राच्या पोटात पहिल्यापासून असते; पहिल्या भागात तो सारखा, उडवू का, उडवू का, असे विचारतो आणि आपण हसतो. आठव्या भागात बाळाची वाट मोकळी करण्यासाठी तो तापलेल्या लाव्हारसातून चालत जातो आणि शत्रूच्या मधोमध ती सोय वापरतो. सौ.नी शेंगांचे सूप बाजूला ठेवले. "हा तोच ना?" त्यांनी विचारले. "तोच," चिरंजीव म्हणाले.

मला २०१९ चा जून आठवत होता. पलीकडचे सर आमच्या शाळेत आले होते. शाळेच्या वेळेत, डोक्यावर टोपी, हातात दाखला मागणीचे पत्र. त्या मुलीचा दाखला त्यांच्या शाळेसाठी पाहिजे होता. मी म्हटले, "बसा. यंदा पट कसा आहे तुमचा?"

"माझा कुठला?" ते म्हणाले. "मी अतिरिक्त ठरलो. परवा नव्या शाळेत हजर व्हायचं आहे. इथून तीस किलोमीटर. म्हटलं जाण्यापूर्वी एवढं एक काम उरकावं. पोरगी वर्षभर घरी बसली आहे."

मी लिपिकाकडे जाऊन दाखला स्वतः लिहून आणला. त्यांनी तो उलटसुलट वाचला, घडी करून वरच्या खिशात घातला आणि चहा मागितला. ओढ्याचा विषय त्यांनी काढला नाही. मी काढायला हवा होता. चहा संपला, ते गेले.

मालिकेचा शेवटचा भाग संपला त्या रात्री, साडेअकरा वाजून गेले असताना, मी त्यांना दूरध्वनी केला. लगेच उचलला. त्यांना जिल्ह्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर नेमलेले होते.

"काय सर, झोप नाही वाटतं?"

"तुम्ही काय करताय?"

"ट्रकांचे नंबर लिहितोय. बरं काम आहे. कुणाच्या घरी जावं लागत नाही, ट्रक आपणहून येतात."

मी त्या मुलीची चौकशी केली. ती नियमित शाळेत जात होती, गणितात बरी होती. तिच्या नव्या वर्गशिक्षिकेकडून ते खबर ठेवून होते. "तुमची सायकल अजून आहे बरं का," ते म्हणाले. "बाप तिच्यावर दुधाची किटली घालतो."

थोडा वेळ दोघेही गप्प राहिलो. मग मी म्हटले, "सर, त्या दिवशी मी पहाटे पाचला तिकडे गेलो, ते..."

"ते सोडा हो."

"सोडून कसं चालेल? करार आपला..."

"सर," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला, "तुमची ती जुळी भावंडं आठवतात? मामाकडे गेलेली?"

"हो."

"मामाला मीच तयार केला होता. कराराच्या तिसऱ्या दिवशी. दोघांना दोन दप्तरं आणि मामीला प्रेशर कुकर."

मी काही बोलायच्या आत पलीकडे भोंगा वाजला.

"थांबा हं, ट्रक आला," ते म्हणाले, आणि दूरध्वनी तसाच चालू ठेवून नंबर लिहायला गेले.